चंद्रावर उशिरा पोचलं तर बिघडतं कुठं?

२०२३ च्या ऑगस्टमध्ये आमच्या बेळगावात एक जोक जोरात फिरत होता, रशियाचं लुना-२५ म्हणजे राजधानी एक्सप्रेस आणि आपलं चांद्रयान-३ म्हणजे मिरज पॅसेंजर. चांद्रयान १४ जुलैला सुटलं आणि चंद्राच्या कक्षेत शिरायला ५ ऑगस्ट उजाडला, लुना मात्र ११ ऑगस्टला उडालं आणि १६ ला चंद्रापाशी हजर. मग १९ ला लुना आदळलं, २३ ला विक्रम नीट उतरलं, आणि त्याच लोकांनी स्टेटस फिरवले की बघा, सावकाश जाणाराच पोचतो. मला विचाराल तर दोन्ही चुकीचं. लुना फास्ट गेलं म्हणून पडलं नाही, शेवटच्या टप्प्यात त्याचं इंजिन ८४ सेकंद चालायचं ते १२७ सेकंद चाललं, हे रोसकॉसमॉस या रशियाच्या अंतराळ संस्थेनंच सांगितलंय. आणि आपलं यान सावकाश गेलं ते काही संयम-बियम म्हणून नाही, जवळजवळ ३९०० किलोचं यान थेट चंद्राकडे फेकायची ताकद आपल्या रॉकेटमध्ये नव्हती म्हणून. मग आधी पृथ्वीभोवती लांबट फेऱ्या मारायच्या, प्रत्येक वेळी पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आलं की थोडा वेळ इंजिन पेटवायचं आणि पुढची फेरी अजून लांब करायची. जवळ आल्यावरच का, तर तिथे यानाचा वेग सगळ्यात जास्त असतो, सेकंदाला दहा किलोमीटरच्या आसपास, आणि वेगात असताना जाळलेलं इंधन जास्त कामाला येतं. फिजिक्स आहे, संस्कार नाही.

हे सगळं आत्ता उकरून काढायचं कारण वेगळं आहे. मोठ्या यानांची काळजी करायला इस्रो आहे. प्रश्न आहे लहान यानांचा, म्हणजे दहा-वीस-पंचवीस किलोची, एका बॅगेत मावतील अशी यानं जी आता चंद्राकडे जायला लागलीयत. अशा यानाचा मार्ग आखणं हे चंद्रमोहिमेतलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात डोकं लागणारं काम आहे, ते बेळगावसारख्या गावात बसून करता येतं, आणि आपल्याकडे ते जवळपास सगळं बेंगळूरला अडकलंय. ते बाहेर यायला पाहिजे, आणि त्यासाठी इस्रोनं आणि इन-स्पेसनं (इस्रोबाहेरच्यांना अंतराळाचं दार उघडून देणारी केंद्राची संस्था) कॉलेजांना रॉकेटवर खरीखुरी जागा द्यायला पाहिजे. एवढंच माझं म्हणणं आहे, पण ते पटवायचं तर आधी या मार्गाची गंमत सांगायला लागेल.

लहान यानाचा प्रॉब्लेम साधा आहे, टाकी लहान. चंद्राकडे निघायला जोर लागतो आणि पोचल्यावर ब्रेक मारायलाही लागतो, नाहीतर चंद्राच्या बाजूनं सुसाट निघून जाणार. निघायचा खर्च फारसा टळत नाही. पण पोचल्यावरचा ब्रेक? तो बऱ्यापैकी टाळता येतो, आणि तो टाळायचा रस्ता असा उलटा आहे की पहिल्यांदा ऐकलं तर खोटंच वाटतं. चंद्र पावणेचार-चार लाख किलोमीटरवर, तर यानाला पाठवायचं पंधरा लाख किलोमीटरवर, म्हणजे चंद्राच्या जवळजवळ चौपट लांब. तिथे पृथ्वीची ओढ इतकी क्षीण झालेली असते की सूर्याची ओढ हळूहळू कक्षेचा आकारच बदलून टाकते, आणि यान परत येताना पृथ्वीजवळ न येता चंद्राच्या अंतरावरूनच येतं, तेही चंद्राच्या साधारण बरोबरीच्या वेगानं. चंद्र त्याला जवळजवळ फुकटात पकडतो. वेळ लागतो तीन-चार महिने. (सीमाभागातला माणूस आणि दोन ओढींच्या मधल्या जागेबद्दल लिहितोय, म्हणजे आता पुढं काय येणार हे तुम्ही ओळखलं असेल. नाही येणार. त्या विषयावर आधीच भरपूर लिहून झालंय.)

हे पहिल्यांदा प्रत्यक्षात कसं झालं ती गोष्ट मला फार आवडते. जपाननं जानेवारी १९९० मध्ये हितेन नावाचं जेमतेम दोनशे किलोचं यान सोडलं. ते चंद्राभोवती फिरायला बनवलेलंच नव्हतं, त्याच्यासोबतचं हागोरोमो नावाचं बारा किलोचं पिल्लू चंद्राच्या कक्षेत जाणार होतं, पण पिल्लाचा ट्रान्समीटरच गेला. आता उरलं मोठं यान, आणि नेहमीच्या पद्धतीनं कक्षेत शिरण्याइतकं इंधन त्यात नव्हतं. तेव्हा अमेरिकेतल्या जेपीएल या नासाच्या प्रयोगशाळेतले एडवर्ड बेलब्रुनो आणि जेम्स मिलर यांनी कागदावर असा एक रस्ता काढला की त्याच यानाला आहे तेवढ्या इंधनात आधी लांब पाठवायचं आणि मग चंद्राला आपोआप पकडू द्यायचं. ऑक्टोबर १९९१ मध्ये ते झालं. वर असलेल्या यानात एक स्क्रूसुद्धा नवा बसवता येत नव्हता. बदललं ते फक्त गणित!

पुढे ही पद्धत रुळली. नासाची ग्रेल यानं २०११ च्या सप्टेंबरमध्ये निघून वर्ष संपता संपता पोचली. कोरियाच्या दानुरीचं उदाहरण तर आपल्या इंजिनियरिंगच्या पोरांना पहिल्या वर्षालाच शिकवावं असं आहे, यानाचं वजन ठरलं होतं ५५० किलो, बनता बनता झालं ६७८, आता रॉकेट बदलायचं की यंत्रं उतरवायची? त्यांनी रस्ता बदलला. ऑगस्ट २०२२ मध्ये उडालं, डिसेंबरमध्ये चंद्रापाशी.

आणि लहानांमध्ये कॅपस्टोन. २५ किलोचं यान, न्यूझीलंडहून २८ जून २०२२ ला इलेक्ट्रॉन नावाच्या छोट्याशा रॉकेटवरून सुटलं, पंधरा लाख किलोमीटर लांब जाऊन आलं आणि १३ नोव्हेंबरला चंद्राभोवतीच्या एका विचित्र लांबट कक्षेत बसलं, एका टोकाला चंद्रापासून सोळाशे किलोमीटर आणि दुसऱ्या टोकाला सत्तर हजार, एक फेरी साडेसहा दिवसांची. मधे सप्टेंबरमध्ये एक व्हॉल्व्ह नीट बंद होईना आणि यान गरागरा फिरायला लागलं, ते स्थिर करता करता ऑक्टोबर उजाडला. थेट रस्त्यावर असतं तर एव्हाना चंद्र ओलांडून कुठल्या कुठं गेलं असतं. रस्ता लांबचा होता म्हणून सावरायला वेळ मिळाला, आणि तरी ठरल्या दिवशी पोचलं.

आता आकडे बघू, कारण आकड्याशिवाय हे सगळं नुसतं कौतुक वाटतं. समजा २४ किलोचं यान आहे, साधं रासायनिक इंजिन आहे, आणि एखाद्या टीव्ही-बिव्हीच्या सॅटेलाइटसोबत ते जीटीओमध्ये सोडलंय, म्हणजे एक टोक पृथ्वीजवळ आणि दुसरं ३६ हजार किलोमीटरवर अशा कक्षेत. तिथून चंद्राकडे निघायला सेकंदाला साधारण ७५० मीटरचा वेग वाढवावा लागतो. कॅपस्टोनच्या त्या कक्षेत थेट पाच-सहा दिवसांत जायचं तर पोचताना अजून चारशेच्या आसपास. लांबच्या रस्त्यानं गेलं तर तेच काम वाटेतल्या किरकोळ दुरुस्त्या धरून सत्तर-ऐंशीत भागतं. ढोबळ हिशेबानं पहिल्या रस्त्याला दहा किलोच्या जवळ इंधन, दुसऱ्याला साडेसात-आठ. म्हणजे दोन किलो वाचले. दोन किलो म्हणजे मोठ्या यानात काहीच नाही, पण २४ किलोच्या यानात दोन किलोत कॅमेरा, रेडिओ आणि त्याची बॅटरी बसते, म्हणजे ज्यासाठी जायचंय तेच बसतं. अर्थात मेख आहे. चंद्राच्या अगदी जवळच्या गोल कक्षेत जायचं असेल तर वाचतात फक्त सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास, उरलेला ब्रेक मारायलाच लागतो. त्यामुळे लांबचा रस्ता म्हणजे नेहमीच स्वस्त असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, कुठे जायचंय यावर ते आहे.

आणि इथेच खरं काम सुरू होतं, जे मला वाटतं आपल्या पोरांनी करावं. कारण दुसऱ्याच्या रॉकेटवर बसून जायचं तर रॉकेट कधी सुटणार हे मोठ्या सॅटेलाइटवाला ठरवणार, तुम्हाला कोण विचारतोय. त्या दिवशी चंद्र आकाशात कुठे आहे याच्याशी त्याचं काही देणं-घेणं नाही. तुमच्या कक्षेचं लांबचं टोक एकीकडे आणि चंद्र भलतीकडे. मग वाट बघायची, पण किती फेऱ्या? प्रत्येक फेरीत यान पृथ्वीभोवतीच्या रेडिएशनच्या पट्ट्यांतून जातं आणि आतलं इलेक्ट्रॉनिक्स थोडं थोडं मरतं. त्यात इंजिन लहान, एक न्यूटनचं म्हटलं तर ७५० मीटरचा वेग मिळवायला ते चार-पाच तास चालवावं लागेल, आणि पृथ्वीजवळ ते कामाचं असतं एका वेळी काही मिनिटंच, म्हणजे पंधरा-वीस तुकडे करा. प्रत्येक तुकडा थोडा इकडे-तिकडे झाला तर शेवटी काय होतं ते बघा. एखादा तुकडा हुकलाच तर? मग पुढच्या महिन्यात जमेल का? सूर्य त्या वेळी कुठल्या बाजूला असेल? हे कोडं आहे, आणि याला एकच उत्तर नाही, हजारो उत्तरं आहेत, त्यातलं कुठलं कमी वाईट ते शोधायचं. इस्रायलच्या बेरेशीटनं २०१९ मध्ये हेच केलं, इंडोनेशियाच्या सॅटेलाइटसोबत फेब्रुवारीत निघून फेऱ्या वाढवत वाढवत एप्रिलमध्ये चंद्राच्या कक्षेत. उतरताना पडलं हे खरं, पण तिथपर्यंतचा रस्ता चोख होता.

हे करायला काय लागतं? नासाचं जीमॅट नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, कुणीही उतरवून घ्या. चंद्र-सूर्य-ग्रह कुठल्या क्षणी कुठे असतील याच्या जेपीएलच्या फायली फुकट आहेत. एक बऱ्यापैकी लॅपटॉप आणि दोन-तीन वर्षं डोकं घालणारी चार पोरं. बेळगावात व्हीटीयूचं, म्हणजे कर्नाटकाच्या तंत्रविद्यापीठाचं, मुख्यालय आहे, शहरात इंजिनियरिंग कॉलेजं ढिगानं आहेत, निपाणी-चिकोडीपासून खानापूरपर्यंतची पोरं तिथे शिकतात आणि त्यातली हुशार पोरं शेवटच्या वर्षाला अटेंडन्सची सिस्टीम नाहीतर पार्किंगचा सेन्सर बनवून मोकळी होतात. का? कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की हेसुद्धा प्रोजेक्ट असू शकतं.

कॉलेजचं सॅटेलाइट म्हटलं की आपल्याकडे डब्याचाच, म्हणजे वर पाठवायच्या यंत्राचाच, विचार होतो. डबा बनवणं सोपं नाही, पुण्याच्या सीओईपी या इंजिनियरिंग कॉलेजच्या पोरांनी किलोभर वजनाचं स्वयम बनवलं आणि २०१६ मध्ये ते पीएसएलव्हीवरून गेलं, त्यांना माझा सलाम आहे. पण डबा बनवायचा म्हणजे टेस्टिंगचा खर्च, क्लीन रूम, पैसे, आणि शेवटी एक डबा वर गेला की टीम पांगते. रस्त्याचं गणित दर वर्षी नव्या बॅचला करता येतं, पैसे जवळपास लागत नाहीत, आणि चुकलं तर काही फुटत नाही.

मुख्य आक्षेप मला माहीत आहे आणि तो वजनदार आहे. लहान यानं रस्ता चुकून मरत नाहीत हो, ती व्हॉल्व्ह अडकून मरतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये नासाच्या आर्टेमिस-१ या चंद्रमोहिमेसोबत दहा छोटी यानं गेली, त्यातल्या ॲरिझोनाच्या लुनाएच-मॅपचा व्हॉल्व्ह अडकला आणि इंजिन सुरूच झालं नाही. पुढच्याच महिन्यात लुनार फ्लॅशलाइट गेलं, १४ किलोचं, अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाची पोरं ते चालवत होती, त्याच्या चारपैकी तीन थ्रस्टरना, म्हणजे छोट्या इंजिनांना, इंधनच पुरेसं मिळेना. संशय असा की थ्री-डी प्रिंट केलेल्या बारीक नळ्यांमध्ये धातूचा कण-बिण अडकला. मग रस्त्याचं गणित करून काय उपयोग?

दोन गोष्टी. एक, त्याच फ्लॅशलाइटच्या टीमनं उरलेल्या एका थ्रस्टरवर यान फिरवत फिरवत नवा रस्ता आखला होता, ठरलेली कक्षा नाही तर नाही, पृथ्वीभोवतीच लांबून फिरायचं आणि महिन्यातून एकदा चंद्राजवळून जायचं. पुढे तोही थ्रस्टर दमला आणि मे २०२३ मध्ये मोहीम संपली, पण इंजिन अर्धमेलं झाल्यावर हातात उरतं ते रस्त्याचं गणितच. दुसरी गोष्ट, नळीतला कण. हे वाक्य बेळगावच्या उद्यमबाग या कारखान्यांच्या भागातल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये जाऊन सांगा, तिथला पन्नाशीचा कारागीर म्हणेल, 'बर नीट काढली नसणार की वो.' (बर म्हणजे भोक पाडल्यावर कडेला राहणारा धातूचा बारीक कंगोरा.) हायड्रॉलिकचे ब्लॉक बनवणाऱ्यांना आडव्या-उभ्या भोकांच्या जोडावर राहिलेला एवढासा बर काय करतो ते पाठ असतं. बेळगावजवळ हत्तरगीला विमानाचे पार्ट बनतात, इकडे फाउंड्री आहेत, बारीक टॉलरन्सचं काम करणारे हात आहेत. बेंगळूरला गणित आहे, पण गणितवाला आणि बर काढणारा एकाच चहाच्या टपरीवर भेटतील असं गाव आमचं आहे. आणि भेटायलाच पाहिजेत, कारण इंजिनचा कुठला भाग कसा दगा देईल हे ज्याला माहितीय त्याला विचारल्याशिवाय, दगा दिल्यावरही पोचणारा रस्ता आखता येत नाही.

दुसरा आक्षेप अँटेनाचा. यान लांब गेलं की त्याचा आवाज ऐकायला मोठी थाळी लागते, बेंगळूरजवळच्या ब्याललूची इस्रोची ३२ मीटरची आणि १८ मीटरची थाळी कॉलेजच्या यानाला कोण देणार? चोवीस तास नकोच आहे. लांबच्या रस्त्यावर इंजिन पेटवायचे प्रसंग मोजके, त्यांच्या मागेपुढे काही तास मिळाले तरी पुष्कळ चालतं. आणि चीनमध्ये हार्बिनच्या विद्यापीठातल्या पोरांनी बनवलेलं लाँगजियांग-२ हे ४७ किलोचं यान २०१८ मध्ये चंद्राभोवती फिरत होतं, तेव्हा त्याचे फोटो हौशी रेडिओवाल्यांनी नेदरलँड्समधल्या ड्विंगेलोच्या जुन्या २५ मीटरच्या थाळीवर उतरवून घेतले. पाकिस्तानचं आयक्यूब-क्यू तर मे २०२४ मध्ये चीनच्या चांग-ई-६ या चांद्रयानाच्या पाठीवर बसून चंद्राच्या कक्षेत गेलं, जेमतेम काही किलोचं. त्याचा मार्ग चीननंच दिला म्हणून आपण हसलो, पण त्यांच्या पोरांना चंद्राभोवती फिरणारं स्वतःचं यान मिळालं, आपल्या चांद्रयान-३ सोबत पोरांचं असं काही नव्हतं.

इस्रोला हे जमत नाही असं मी म्हणतच नाही. उलट चांद्रयान-३ चं प्रॉपल्शन मॉड्यूल, म्हणजे विक्रमला चंद्रापर्यंत नेणारा इंजिनाचा भाग, ज्याचं काम संपलं होतं, त्यात शंभर किलोच्या वर इंधन उरलं तेव्हा त्यांनी ते चंद्राकडून परत पृथ्वीभोवती आणून दाखवलं, तेही आधी ठरलेलं नसताना, चंद्रावर किंवा दुसऱ्या सॅटेलाइटवर आदळणार नाही असा रस्ता नव्यानं आखून. जगात फार थोड्यांना येतं असं काम आहे ते. तक्रार एवढीच की ते येणारी माणसं मूठभर, जवळपास सगळी एका शहरात, आणि त्या मोहिमेतला ट्रॅकिंगचा डेटा कॉलेजच्या पोराला सरावाला हवा म्हटलं तर सहज हाताला लागत नाही. २०२० मध्ये इन-स्पेस काढलं, २०२३ मध्ये अंतराळ धोरण आलं, खाजगी कंपन्यांसाठी दारं उघडली, छान झालं. कॉलेजसाठी? चांद्रयान-४ ला केंद्रानं सप्टेंबर २०२४ मध्ये २,१०४ कोटी मंजूर केलेत. त्या यानातला एक किलोसुद्धा मागू नये हे मला कळतं, तिथे दोन रॉकेटांत सगळं बसवायचंय, ग्रॅमाग्रॅमाची मारामारी असणार. मी मागतोय ते जीटीओला जाणाऱ्या रॉकेटवरचे पंचवीस किलो. दोन वर्षांतून एकदा. चंद्राचं रॉकेट नको, वेळ लागला तरी चालेल.

आमच्याकडे लगेच कोणीतरी म्हणणार, आधी खानापूरच्या जंगलातल्या गावांना रस्ते द्या मग चंद्राचे रस्ते बघू. द्याच की, कोण नको म्हणतोय. पण लॅपटॉपवर बसून आखलेल्या मार्गाचं डांबर कुणाच्या रस्त्यातून काढायचं नसतं. बेळगावच्या सुवर्णसौधला दर हिवाळ्यात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की उत्तर कर्नाटकाचा अनुशेष निघतो, आणि बाहेर आमचा मराठीचा विषय निघतो, दोन्हीकडच्या भाषणांत पोरांनी गाव न सोडता करता येईल अशा कामाबद्दल मला तरी फारसं ऐकू येत नाही. भास्कराचार्य विजापूरचे की चाळीसगावजवळच्या पाटणचे यावर मात्र दोन्ही बाजू तासभर भांडतील. ग्रहाचा त्या क्षणीचा वेग कसा काढायचा यावर त्या माणसानं बाराव्या शतकात डोकं घातलं होतं, आणि त्याच्यावर हक्क सांगणाऱ्या दोन्ही राज्यांत त्या विषयाचं कॉलेजात वाचता येईल असं सोपं पुस्तक ना मराठीत माझ्या हाताला लागलं ना कन्नडमध्ये. भांडणाचा निकाल लागेपर्यंत पुस्तक तरी लिहा.

युरोपीय अंतराळ संस्थेच्या लोकांनी २००५ मध्ये मार्ग आखण्याची जागतिक स्पर्धा सुरू केली, एक अवघड प्रश्न टाकायचा आणि ठराविक आठवड्यांत ज्याचा रस्ता सगळ्यात चांगला तो जिंकला. असलं काही आपल्याकडे व्हीटीयूनं करावं, शिवाजी विद्यापीठाला कोल्हापूरहून बोलवावं, धारवाडच्या आयआयटीला बोलवावं, मराठी-कन्नड टीम मिसळून कराव्यात. परवानगीची वाट बघायची गरज नाही, पहिला प्रश्न मीच देतो. यान २४ किलोचं, त्यात इंधन ८ किलो, इंजिन एक न्यूटनचं, स्पेसिफिक इम्पल्स (म्हणजे इंधन किती कामाला येतं त्याचं माप) २२० सेकंद. सोडलंय जीटीओमध्ये, खालचं टोक २५० किलोमीटरवर. तारीख तुम्ही निवडायची नाही, ती आदल्या दिवशी चिठ्ठी काढून ठरेल. एका वेळी इंजिन वीस मिनिटांच्या वर चालवायचं नाही, आणि मधलं कुठलंही एक पेटवणं हुकणार, कुठलं ते आम्ही नंतर सांगू. कॅपस्टोनच्या कक्षेपर्यंत पोचवून दाखवा, वेळ लागू दे आठ महिने.